पिठावरचा फेस

दाजी, तुमची किल्ली माझ्याकडे आहे. काळी पडली आहे, पण वाकलेली नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती तुमच्या पुतण्याच्या हाताला लागली. तो ती अस्थींसोबत मडक्यात टाकणार, एवढ्यात मी हात पुढे केला. "काय हाय ते, मामा?" त्याने विचारलं. म्हटलं, "काही न्हाई, जुन्या कपाटाची असंल." तुमच्यामागे मी बोललेलं हे दुसरं खोटं. पुढची मोजलेली नाहीत.

किल्ली जानव्याला बांधायची तुमची खोड जुनी. मी तिची किती टिंगल केली. तुम्ही म्हणायचे, "खिशाचा काय भरवसा? तुझी अक्का रोज खिसे उलटे करून धुती." तुम्ही गेलात त्या मंगळवारी तुम्हाला अंघोळ घालताना ती किल्ली तुमच्या ओल्या छातीवर पडलेली मला दिसली. माझा हात पुढे गेलासुद्धा. गुरुजी म्हणाले, "जानव्याला हात लावू नका," आणि मी हात मागे घेतला. चार माणसांत काय सांगणार होतो? की या किल्लीच्या खोलीत वीस लिटर बिअर फसफसते आहे, तिची नळी तुंबली आहे, आणि आत्ता सोडवली नाही तर काहीतरी फुटणार आहे?

तुमच्या तेराव्याला आलेले सगळे एकच म्हणत होते. सरळ माणूस. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उभी हयात गेली, पण सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. मी मान डोलवत होतो आणि पंगतीत मठ्ठा वाढत होतो. त्यांचं काही चुकीचं नव्हतं हो. तुम्ही खरंच सरळ होता. फक्त एका खोलीपुरते नव्हता, आणि त्या खोलीत तुमच्यासोबत मी होतो.

अक्काने लग्नाआधी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आमचे बाबा तहसीलमध्ये कारकून होते, आणि चार वाजले की बाजारामागच्या अड्ड्यावर. त्यांना घरी आणायचं काम अक्काचं. बारा-तेरा वर्षांची पोर परकर मुठीत धरून त्या दारात उभी राहायची. मी फार लहान होतो, मला अड्डा आठवत नाही, मला आठवते ती अक्का घरी आल्यावर पाय घासघासून धुताना. म्हणून तिने तुम्हाला सांगितलं, या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब यायचा नाही. तुम्ही शब्द दिलात. नोकरी संपेपर्यंत तो पाळलात, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन.

मग निवृत्त झालात आणि तुमच्या हातांना चैन पडेना. मागच्या खोलीत माती तपासायचं दुकान थाटलंत. शेतकरी पिशव्या घेऊन यायचे, तुम्ही काचेच्या नळ्या हलवून त्यांना खत सांगायचे. अक्काच्या लुगड्याला एकदा तुमच्या अॅसिडने भोक पाडलं होतं, तेव्हापासून ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. आणि एक दिवस तुम्ही माझ्या मेडिकलच्या काउंटरवर वाकून हळूच विचारलंत, "सुधा, सलाईनची नळी मिळंल का रे एखादी?"

मला वाटलं घरात कुणी आजारी आहे. तुम्ही म्हणालात, "बिअर करून बघायचीय." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, कारखान्यात उसाचा रस जरा आंबला की बोलणी तुम्हाला बसायची. सगळी नोकरी तुम्ही आंबणं थांबवण्यात घालवली. आता मरायच्या आधी एकदा ते नीट होऊ देऊन बघायचं आहे. मी कायद्याचं म्हणालो, अक्काचं म्हणालो. तुम्ही म्हणालात, "विकायची थोडीच हाय? आणि प्यायची बी न्हाई. घोटभर चव बघायची." मी नळी दिली. द्यायला नको होती, असं आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

आणि काय सांगू, तुमच्या त्या गुपितातलं अर्धं काम अक्काच करत होती. तिला आपण सांगितलं, मोड आलेल्या सातूचं पीठ माझ्या दुकानात लेकरांच्या खिमटीसाठी खपतं. ती सातू आणि ज्वारी भिजवायची, फडक्यात बांधायची, गोणपाटावर पसरायची, मोड बोटाच्या पेराएवढे आले की गच्चीवर वाळवायची. तुमचं पुस्तक एक सांगायचं आणि अक्का मुठीत दाणे घेऊन दुसरंच सांगायची. अक्काचं बराबर निघायचं. "किती पाकिटं गेली रे?" ती मला विचारायची. मी म्हणायचो, गेली सगळी. खरी गेली असतील दहा-बारा.

सोमवारी ती शेजारच्या वहिनींबरोबर सकाळच्या गाडीने औंढ्याला दर्शनाला जायची आणि चार वाजता परत यायची. तेवढा वेळ आपला. मागच्या दाराने मी यायचो, दुकानाला कुलूप लावून. गॅसवर मोठं पातेलं चढायचं. बिअरच्या कडवटपणासाठी लागणारं परदेशातलं फूल आपल्याला परवडत नव्हतं, म्हणून तुम्ही कडुनिंबाचा मोहर टाकायचे. मार्च-एप्रिलात सगळ्या वसमतला शिजणाऱ्या हळदीचा वास असतो, त्यात आपल्या पातेल्याचा वास कोण ओळखणार होतं? पहिली बिअर गोणपाट भिजवलेल्या पाण्यासारखी लागली. दुसऱ्या वर्षीची आंबट. तिसऱ्या वर्षी एक जमली. आपण स्टीलच्या पेल्यातून प्यायलो, तुम्ही अर्धा पेला प्यायलात आणि उरलेला लिंबाच्या झाडाला घातलात. तुम्हाला पिण्यात रस नव्हताच. जारमधून नळी निघायची, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असायचं, आणि त्या पाण्यात बुडुक, बुडुक व्हायला लागलं की तुम्ही खुर्ची ओढून बसायचे. मी म्हणायचो, "दाजी, लोक आकाशवाणी ऐकतात." तुम्ही बोट ओठांवर ठेवायचे.

आपलं भांडण त्या नळीवरून होतं. आपल्याकडे चैत्रात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. थंड मुलखात जे आंबायला दोन आठवडे लागतात ते इथे दीड दिवसात उरकतं. इतकं उधळलं की चव तर बिघडतेच, पण फेस वर चढतो, मोहराचा चोथा नळीत अडकतो, आणि जार बंद तोंडाने फुगत राहतो. तुमचे उपाय ठरलेले होते. जार टबात ठेवायचा, भोवती ओलं गोणपाट आणि बर्फ. पातेल्यात उकळलेला सातूचा काढा पूर्ण गार झाल्याशिवाय यीस्ट टाकायचं नाही. जारचा चौथा हिस्सा रिकामा सोडायचा. आणि बारीक नळी काढून अंगठा जाईल एवढा पाईप लावायचा. शेवटचं मला पटत नव्हतं. माझी नळी निर्जंतुक, पाकीटबंद. तुमचा पाईप बागेतला. "दाबायचं न्हाई रे त्याला," तुम्ही म्हणायचे, "वाट द्यायची." मी म्हणायचो, "मग अक्काला बी सांगून टाका. तिथं काहून दाबून ठेवलंय?"

"सांगू," तुम्ही म्हणायचे. "एकदा खरीखुरी जमू दे. तिला घोटभर देऊ आणि मग सांगू, की दर एक पेला तुझ्या बापाचा नसतो."

नऊ वर्षं तुम्ही हेच म्हणत होता. माझ्याकडूनही वचन घेतलंत, की तुम्ही सांगेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. तुम्हाला भीती होती, दाजी. मला ती दिसायची आणि मी तिच्यावर विनोद करायचो. त्याबद्दल मला आता माफी मागता येत नाही.

शेवटच्या सोमवारी बर्फाची लादी मिळाली नाही. बर्फाचा कारखाना बंद होता म्हणे. पातेलं टबात ठेवून आपण तांब्यातांब्याने पाणी बदलत बसलो. तीन वाजले. अक्काची गाडी तासाभरात येणार होती, माझं दुकान सकाळपासून बंद. तुम्ही पातेल्याला हात लावला आणि म्हणालात, "अजून कोमट हाय. थांब." मी म्हटलं, "होतंय दाजी, टाका." तुम्ही जार गळ्यापर्यंत भरू नको म्हणालात, मी म्हटलं, चार-पाच लिटर काय मोरीत ओतायचे? आणि यीस्टचं एक पाकीट टाकल्यावर मी दुसरंही फोडलं, कारण त्याची एक्सपायरी जवळ आली होती. माझा धंदाच तसा. एक्सपायरी जवळ आलेली वस्तू फडताळात ठेवली की मला झोप लागत नाही.

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "तुला वाटतंय डोस वाढवला की पेशंट लवकर उठतो. हे उद्या घर डोक्यावर घेईल बघ." मग बूच बसवलंत, माझीच नळी लावलीत, आणि म्हणालात, "जा तू. सकाळी मी पाईप लावतो." खोलीला कुलूप लावून किल्ली जानव्यात अडकवलीत. मी मागच्या दाराने निघालो तेव्हा तुम्ही हात धूत होता. नीट निरोपसुद्धा घेतला नाही मी. उद्या परवा यायचंच होतं.

मंगळवारी सकाळी सातला अंघोळ करून तुम्ही मधल्या खोलीत आलात, अक्काला चहा टाक म्हणालात आणि खाली बसलात. ती कप घेऊन आली तेव्हा तुम्ही नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. ही गोष्ट सांत्वन म्हणून सांगतात. मला तिचं कधीच सांत्वन वाटलेलं नाही, कारण काही कळलं असतं तर तुम्ही काहीतरी बोलला असता.

तुम्हाला मधल्या खोलीतच निजवलं होतं, मागच्या खोलीच्या दाराशी डोकं करून. बायका भोवती बसल्या होत्या. आणि त्या बंद दाराआडून मला ऐकू येत होतं, बुडुक बुडुक बुडुक, खंड न पडता. तुमच्या थोरल्या बहीण, मालनताई, म्हणाल्या, "नळ गळून राहिलाय का गं कुठं?" अक्काने ऐकलंच नाही. मी तुमच्या पायाशी बसून ते मोजत होतो. मला लाज वाटते सांगायला, पण त्या सकाळी मला रडू आलं नाही, मी फक्त ऐकत होतो. तुम्ही गप्प होता आणि तुमचा जार एवढा बोलत होता.

दहाच्या सुमाराला तो आवाज बंद पडला. ती शांतता काय आहे हे त्या घरात मला एकट्याला कळलं. मग तुम्हाला अंघोळ घातली, किल्ली दिसली, गुरुजी बोलले. दुपारी तुमच्यासोबत ती स्मशानात गेली. खोलीला दुसरं दार नव्हतं. कुलूप तोडायचं म्हटलं तर कशासाठी म्हणून सांगायचं? मी स्वतःला म्हटलं, फार तर बूच उडेल. उडालंच. आम्ही स्मशानात असताना आत ठप्प आवाज झाला, असं अक्काने नंतर सांगितलं.

परत आल्यावर मालनताईंनी रीतीप्रमाणे सगळं केलं. तुमचं डोकं जिथे होतं तिथे दिवा लावला, शेजारी फरशीवर गव्हाचं पीठ चाळून पसरलं, वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कुठल्या जीवाचं पाऊल उमटलं ते पाहायचं. त्या जन्माला गेलं माणूस. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुमचाही नव्हता. तुम्ही म्हणायचे, झुरळ येतं आणि मग माणसं झुरळाला नमस्कार करतात.

बुधवारी सकाळी टोपली उचलली. दाराच्या फटीतून फेस निघाला होता. फरशीच्या सांध्यांतून वळणं घेत आला होता, टोपलीच्या काठाखालून आत शिरला होता, आणि पीठ लागल्यावर पसरला होता. वाळून त्याचा तपकिरी पट्टा झाला होता, वळणावळणांचा, टोकाला रुंद. मालनताईंनी दोन्ही हात जोडले. "नाग हाय," त्या म्हणाल्या. "फणा काढलेला. वासना राहिली गं माझ्या भावाची."

मी म्हटलं, "आतलं केमिकल सांडलं असंल."

"खोलीला कुलूप हाय," त्या म्हणाल्या. "किल्ली त्याच्यासंगं गेली. आत कुणी न्हाई. मग सांडलं कुणी?" बंद खोलीत आपणहून हलणारी, वाढणारी, दाराबाहेर येणारी वस्तू कोणती, याचं उत्तर एकच होतं आणि ते तुम्ही माझ्या तोंडात कोंबून गेला होता. तेवढ्यात पट्ट्यावर मुंग्यांची रांग लागली. मालनताई म्हणाल्या, "गोडाची वासना."

ते अक्काला लागलं. तुम्हाला साखरेचा आजार, म्हणून संक्रांतीला तुम्ही गुळाची पोळी मागितली तेव्हा तिने दिली नव्हती. अर्धी तरी दे म्हणाला होता म्हणे तुम्ही. ती तेव्हापासून तेच बोलत राहिली. येईल त्या बाईला सांगायची, "अर्धीच मागत होते हो. अर्धीनं काय झालं असतं?" मी समोर बसलेला असायचो. तिच्या पोळीचा काही दोष नव्हता. दोष माझ्या घाईचा होता, दुसऱ्या पाकिटाचा होता, आणि मी तिथे बसून पाणी पीत होतो.

किल्ली मिळाल्यावरही खोली उघडता आली नाही. अक्का दारात आडवी झाली. "दहावं-तेरावं होईस्तोवर हात लावायचा न्हाई. ते हायेत आत." रोज सकाळी ती त्या दारापाशी दुधाची वाटी ठेवायची. पाचव्या दिवशी सुतक असून शेजारणीकडून गुळाची पोळी करून आणली आणि वाटीशेजारी ठेवली. मी दुकानातून आलो की ती दाराला पाठ लावून बसलेली दिसायची, ओठ हलत असायचे. मला वाटायचं, माफी मागून राहिलीय. ते मला बघवत नव्हतं.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन मी म्हणत होतं. पुतण्या म्हणाला, काकूला सांभाळीन. मालनताई म्हणाल्या, नागबळी करू. अक्काने पोळीचं सांगितलं. मी बाजूला उभा राहून मनात म्हटलं, दाजी, काळजी करू नका, मी सांगणार नाही. कावळा आला नाही. मग म्हटलं, बरं, सांगतो. तरी आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून काम उरकलं. तुम्हाला काय हवं होतं ते मला खरंच माहीत नाही. नऊ वर्षं तुमच्यासोबत बसलो आणि एवढं विचारायचं राहिलं.

तेरावं झालं, माणसं पांगली. चौदाव्या दिवशी सकाळी मी अक्काला म्हटलं, "चल, खोली उघडू. तुला काहीतरी दाखवायचंय." तिने वाटी बाजूला सरकवली. किल्ली फिरली. दार उघडल्याबरोबर आंबूस वास अंगावर आला. बूच माळ्यावर जाऊन पडलं होतं. भिंतीवर छतापर्यंत शिंतोडे, मोहराचा चोथा चिकटलेला, नळी जारवरून लोंबत होती. जारमध्ये अर्ध्याच्या वर होतं, त्यावर पांढरी बुरशी धरली होती. आणि टेबलावर तुम्ही कापून ठेवलेला पाईप होता, हातभर लांब, टोक कानशीने घासलेलं. सोमवारी मी गेल्यावर पुन्हा कुलूप काढून तुम्ही तो तयार केला असणार. तो बघून मात्र मी रडलो, दाजी. चौदा दिवस आलं नव्हतं ते तिथे आलं.

अक्का थांबली होती. माझं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सोमवार, नळी, पातेलं, लिंबाच्या झाडाला ओतलेला पेला. तुमचा शब्द मोडल्याचं सांगितलं आणि मोडताना तुम्ही किती घाबरायचा तेही सांगितलं. ती ऐकत होती. कोपऱ्यातल्या गोणीकडे तिचं लक्ष गेलं.

"हे सातू?"

"व्हय."

"माझ्या हातचे?"

"व्हय, अक्का."

तिने हात पदराला पुसले. ते ओले नव्हते. "शब्द दिला होता त्यांनी," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, कुणी भाजी आणायची विसरल्यासारखं. मला वाटलं, आता ती ओरडेल, मला चार शिव्या देईल, मला चालल्या असत्या. मी घाईघाईने पुढचं सांगितलं. "ते पिठावरचं म्हणजे फेस होता अक्का, याच जारचा. कोमट असताना यीस्ट टाकायची घाई मी केली, दोन पाकिटं मीच टाकली. दाजींची कसलीबी वासना राहिली न्हाई. तुझ्या पोळीचा काही संबंध न्हाई. तू स्वतःला तकलीफ देऊ नको."

"साप न्हाई म्हणतोस."

"न्हाई."

"आत कुणीच न्हवतं."

"कुणीच न्हवतं."

ती खोलीच्या दारात उभी राहिली, एक पाय आत आणि एक बाहेर. "पहिले चार दिवस रडले मी," ती म्हणाली. "मग म्हटलं, मालनवन्सं म्हणत्यात वाईट झालं, अडकले. अडकले तर अडकले. इथंच अडकले ना? सकाळी उठले की दाराशी चहाचं विचारायची. गॅस संपलाय म्हणून सांगायची. काल तर मी त्यांच्याशी भांडले बी." मग ती माझ्याकडे वळली. मी तिला सोडवायला गेलो होतो. तिचा चेहरा बघून मला कळलं, की तिच्याकडे जे एक उरलं होतं ते मी काढून घेतलं आहे, आणि तुमचा शब्दही, आणि तिच्या हातचे सातूसुद्धा.

"मग ते कुठं हायेत, सुधा?"

त्याला आता तीन दिवस झाले. जार मी मोरीत ओतला, भिंती धुतल्या, फरशीचा सांधा घासला. अक्का जेवते, झोपते, मला हाक मारते. तुमच्या बिअरबद्दल एक अक्षर बोलत नाही. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिच्याकडे गेलो. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं, ते कुठं हायेत, तशाच आवाजात. मी औषधं विकणारा माणूस, दाजी. मी तिला म्हटलं, चहा गार होतोय.